पहाटेचं विमान, मग गाडी कुठली? कोकणातून मुंबई विमानतळ गाठताना

उमराहचं तिकीट हातात पडलं की घरात दोन गोष्टी सुरू होतात. एक, पाहुण्यांचे फोन. दुसरी, मुंबईला जायचं कसं यावरून वाद. कोण म्हणतं गाडी करू, कोण म्हणतं एसटीने जाऊ, आणि अम्मी म्हणतात, घाटात मला उलटी होते, मी ट्रेननेच येणार. शेवटी ट्रेन ठरते. दुबई, कुवेत, सौदीला कामाला जाणाऱ्या मुलांचंही तसंच. खेड, चिपळूण, रत्नागिरी ही आपली स्टेशनं. दापोली-मंडणगडचे लोक खेडला येतात, गुहागरचे चिपळूणला, म्हसळा-श्रीवर्धनचे माणगावला. ट्रेन स्वस्त आहे, म्हाताऱ्या माणसाला आडवं होता येतं, बाथरूमची सोय असते. पण विमानासाठी ट्रेन धरणं आणि मुंबईला लग्नाला जाण्यासाठी ट्रेन धरणं यात मोठा फरक आहे. लग्नाला दोन तास उशीर झाला तर फार तर बिर्याणी थंड होते.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. मामेभाऊ कुवेतला निघाला होता. तिकिटावर तारीख १५ आणि वेळ ००:५५. ते तिकीट घरातल्या सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनीच १५ तारखेची रात्र धरली. १५ तारखेच्या दुपारच्या गाडीचं रिझर्वेशन केलं, तेही कन्फर्म. १४ तारखेला संध्याकाळी सहज म्हणून एजंटाचा फोन आला, "कुठपर्यंत पोहोचलात?" तेव्हा आमच्याकडे बॅगेत लोणच्याची बरणी कशी बसवायची यावर चर्चा चालू होती. सातला गाडी काढून सुटलो, पण पोहोचायचं शक्यच नव्हतं. नवीन तिकीट काढावं लागलं आणि कामावर हजर व्हायची तारीख हुकली. चूक कुणाची? आमचीच. मध्यरात्रीनंतरचं विमान म्हणजे आदल्या संध्याकाळी विमानतळावर. १५ तारखेचं ००:५५ म्हणजे १४ च्या रात्री जेवून झाल्यावर लगेच.

आखातात जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात, म्हणून हा घोळ आपल्याकडे जास्त होतो. गाडीच्या बाबतीतही हाच सापळा आहे. कोकणकन्या मडगावहून संध्याकाळी निघते आणि चिपळूण-खेडकडे मध्यरात्रीच्या आसपास येते. गाडी कालच्या तारखेला निघालेली असते, तुम्ही चढता आजच्या तारखेला. तिकिटावर तुमच्या स्टेशनावरून चढायची तारीख आणि वेळ लिहिलेली असते, ती घरातल्या दोन माणसांनी मोठ्याने वाचा. हसू नका, आम्ही आता तसंच करतो.

उलटं मोजायचं

बहुतेक घरांत आधी गाडी बघतात आणि मग ती विमानाला पुरते का ते बघतात. हे उलटं करा. आधी विमानाची वेळ घ्या आणि तिथून मागे मागे या.

समजा विमान पहाटे साडेचारचं आहे. आंतरराष्ट्रीय विमानाचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, म्हणजे साडेतीनला. बॅगा, इमिग्रेशन, सिक्युरिटी या रांगा धरून तीन तास आधी पोहोचा असं सांगतात, म्हणजे रात्री दीड. ठाण्याहून टॅक्सीने सहारच्या टर्मिनलला जायला, सामान उतरवणं आणि टॅक्सी मिळणं धरून, दीड तास ठेवा. म्हणजे रात्री बाराला तुम्ही ठाणे स्टेशनावर उभे हवेत. आता गाडीला उशीर होणार हे गृहीत धरून तीन तास मागे या. रात्री नऊ. तुमची गाडी वेळापत्रकाप्रमाणे रात्री नऊच्या आत ठाण्याला येणारी हवी.

आता गाड्यांकडे बघा. मांडवी, जनशताब्दी आणि वंदे भारत दिवसा निघून संध्याकाळी-रात्री मुंबईला येतात. पहाटेच्या विमानासाठी या गाड्यांचा विचार करता येतो, पण कोरड्या दिवसांत. रात्रीच्या कोकणकन्या आणि तुतारी ठाण्याला येईपर्यंत विमान उडून गेलेलं असतं, म्हणजे त्या धरायच्या तर एक रात्र आधीच्या.

विमान सकाळी साडेदहाचं असेल तर? मग लोक हमखास कोकणकन्या धरतात. साडेसातला टर्मिनल, म्हणजे ठाणे सहाला. कोकणकन्या ठाण्याला पाचच्या आत यायला हवी असते. कागदावर जमतं, पण हातात जेमतेम एक-दीड तास उरतो. तुतारी तिच्या मागून येते, ती या विमानासाठी धरूच नये. हिवाळ्यात, एकटा तरुण मुलगा, हातात एक बॅग, तर कोकणकन्या ठीक. अब्बा-अम्मी आणि चार बॅगा असतील तर आमचं मत स्पष्ट आहे, आदल्या दिवशी निघा. मुंब्रा, कुर्ला, मीरा रोड, नालासोपारा, कुठेतरी आपलं माणूस असतंच.

दुपारचं किंवा संध्याकाळचं विमान असेल तर रात्रीची गाडी छान. सकाळी उतरा, नातेवाइकाकडे अंघोळ करा, जेवा आणि निवांत निघा.

उशीर का होतो

कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते. रोहा ते वीर हा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पण त्याच्या पुढे आपल्या बहुतेक भागात रूळ एकच आहे. समोरून गाडी येत असेल तर एकीला स्टेशनात थांबून वाट द्यावी लागते. एक गाडी रखडली की तिची वाट बघणारी रखडते, मग तिच्या मागची. म्हणून केरळ आणि मंगळूरकडून लांबून येणाऱ्या गाड्यांपेक्षा मडगाव किंवा सावंतवाडीहून सुटणाऱ्या गाड्या आम्ही पसंत करतो. जितकं अंतर कमी, तितकी उशीर साठायची संधी कमी.

पावसाळ्याचं गणित तर वेगळंच. दरवर्षी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं. गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि स्टेशनावरच्या वेळा बदलतात. वंदे भारत तर या दिवसांत आठवड्यातून कमी वेळा धावते. धो धो पाऊस असून पुढचं दिसत नसेल तर गाडी ताशी ४० किलोमीटरपर्यंत हळू चालवायची सूचना असते. एप्रिलमध्ये पाहिलेली वेळ मनात धरून जुलैत स्टेशनावर जाऊ नका. १४ जुलै २०२४ ला खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ दरड रुळावर आली आणि मार्ग जवळजवळ एक दिवस बंद राहिला. त्या रात्री ज्यांचं विमान होतं त्यांना तीन तासांची सूट काही उपयोगाची नव्हती. पावसाळ्यात विमान असेल तर पूर्ण एक दिवस आधी मुंबईत पोहोचा, याला आमच्या दृष्टीने दुसरा पर्याय नाही. एका रात्रीच्या मुक्कामाचा त्रास होतो खरा, पण व्हिसाची मुदत आणि चार जणांची विमानाची तिकिटं त्याहून महाग आहेत.

रविवारचा मेगाब्लॉक विसरू नका. मुंबईत रुळांची मोठी कामं निघाली की काही गाड्या सीएसएमटीपर्यंत न जाता ठाणे, दादर किंवा पनवेललाच संपवतात. मोबाईलवर रेल्वेचा मेसेज येतो, पण तिकीट एजंटाच्या नंबरावर काढलं असेल तर मेसेज त्याला जातो आणि तो झोपलेला असतो. तिकिटावर नंबर स्वतःचा द्या.

एक युक्ती आहे, तिला पैसे पडत नाहीत. जी गाडी धरणार आहात ती दोन-तीन आठवडे आधीपासून एनटीईएस ॲपवर बघत राहा. ज्या वारी जाणार त्याच वारी ती ठाण्याला खरोखर किती वाजता आली ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीनदा बघितलं की तुम्हाला त्या गाडीचा स्वभाव कळतो. फोनवरून १३९ लाही विचारता येतं.

तिकीट

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ रिझर्वेशन १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं, सकाळी ८ वाजता. उमराहची तारीख ठरली की ६० दिवसांचा दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवा. मुंबईकडे येणाऱ्या गाड्या गौरी-गणपतीनंतर आणि मे महिन्याच्या शेवटी भरलेल्या असतात, कारण तेव्हा सगळे चाकरमानी परत निघतात. त्या आठवड्यात विमान असेल तर आठ वाजून पाच मिनिटांनीही उशीर होऊ शकतो.

वेटिंगच्या तिकिटावर विमानाची भिस्त ठेवू नका. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढताच येत नाही. काउंटरवरून काढलेल्या वेटिंग तिकिटावरही स्लीपर किंवा एसीत बसू देत नाहीत. आरएसी असेल तर चढता येतं, बसायला जागा मिळते, पण ७० वर्षांच्या माणसाला रात्रभर बसवणं बरं नाही.

तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार जोडलेलं खातं लागतं. ते खातं त्या दिवशी सकाळी उघडायला बसू नका, महिनाभर आधी जोडून घ्या. आणि तत्काळ हा आमच्या मते दुसरा आधार आहे, पहिला नाही.

खेडवरून कोटा संपला असेल तर चिपळूण किंवा रत्नागिरीवरून तिकीट मिळतं का बघा आणि चढायचं स्टेशन खेड करून घ्या. हा बदल किमान २४ तास आधी करून ठेवा. पैसे थोडे जास्त जातात. बदल केला नाही आणि मधल्या स्टेशनावर चढायला गेलात तर तुमची जागा दुसऱ्याला दिलेली असू शकते.

६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. तिकीट काढताना वय बरोबर टाकलं तर त्याचा फायदा होतो. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, ती शोधत बसू नका.

गाडी तुमच्या स्टेशनावर तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्ही प्रवासच केला नाही, तर टीडीआर भरून गाडीचं पूर्ण भाडं परत मागता येतं. गाडी तुमच्या स्टेशनातून सुटायच्या आत टीडीआर भरा. विमान हुकल्याची भरपाई मात्र रेल्वे देत नाही. गाडीचं तिकीट आणि विमानाचं तिकीट हे दोन वेगळे करार आहेत, मधला धोका पूर्ण आपला.

उतरायचं कुठे

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. आपल्याकडे मुंबईला जायचं म्हणजे दादर, ही सवय हाडात भिनली आहे. पण आंतरराष्ट्रीय विमानं सुटतात ते टर्मिनल २ सहारला, अंधेरी पूर्वेला. सामान आणि म्हातारी माणसं असतील तर आम्ही ठाण्याला उतरा म्हणतो. तिथून टर्मिनल साधारण वीस किलोमीटर आहे, आणि मुलुंड ते दादर हे रेल्वेतलं अंतर वाचतं, जिथे लोकलच्या गर्दीत आपली गाडी सिग्नलला उभी राहते. ठाण्याला गाडी थोडाच वेळ थांबते. दिवा गेलं की बॅगा दाराशी आणा. आधी एक धट्टाकट्टा माणूस उतरवा, मग सामान, मग बाकीचे. अम्मींना शेवटी ठेवू नका, मधे ठेवा.

दादरला उतरलात तर टॅक्सीच घ्यावी लागते, कारण रिक्षा तिथे चालत नाहीत. सीएसएमटीलाही तसंच. तुमची गाडी कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला जाणारी असेल, मत्स्यगंधासारखी, तर शेवटपर्यंत जाणं सोपं, कारण तिथून सहार जवळ आहे आणि गाडी रिकामी होईपर्यंत सामान निवांत उतरवता येतं.

आता मेट्रोचं. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू झाली. सीएसएमटीलाही तिचं स्टेशन आहे आणि टर्मिनल २ लाही, म्हणजे गाडी बदलायची गरज नाही. एकट्या माणसाला हलकं सामान घेऊन हे झकास आहे, रस्त्यावरच्या ट्रॅफिकचा प्रश्नच नाही. ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथे बदलून मेट्रो ३ असंही जाता येतं. पण दोन अडचणी आहेत. सकाळच्या लोकलमध्ये २३ किलोची बॅग घेऊन घुसणं म्हणजे लोकांच्या शिव्या खाणं. आणि मेट्रो रात्रभर चालत नाही. रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते आणि सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते. पहाटेच्या विमानवाल्यांना ती परत जाणाऱ्या पाहुण्यांसाठी उपयोगाची.

एक नवीन गोंधळही आहे. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालं आहे. त्यामुळे तिकिटावर नुसतं मुंबई वाचून निघू नका. सहारच्या विमानतळाचा कोड बीओएम आहे, नवी मुंबईचा एनएमआय. नवी मुंबई असेल तर पनवेलला उतरायचं, ठाण्याला नाही. आणि दिल्ली किंवा हैदराबादमार्गे जाणार असाल तर पहिलं विमान देशातलं असतं, ते टर्मिनल १ वरून असू शकतं. ते तिकिटावर लिहिलेलं असतं. टॅक्सीवाल्याला नुसतं एअरपोर्ट सांगू नका.

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना कधी, कुठे हजर व्हायचं याच्या वेगळ्या सूचना मिळतात. मुंबईचं हज हाऊस सीएसएमटीजवळ आहे. त्यांनी आमचं गणित न धरता कमिटीचं पत्र धरावं.

सामानाचे दोन शब्द

रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीत माणशी ४० किलो फुकट नेता येतं, विमानात किती ते तिकिटावर बघा. घरच्या काट्यावर मोजून घ्या, विमानतळावर बॅग उघडून लोकांसमोर सुकट-सोडे बाहेर काढण्याची वेळ येऊ नये. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. खसखस अजिबात नको. सौदी आणि यूएईमध्ये ती बंदी असलेल्या मालात मोडते, आणि मसाल्याच्या डब्यातली मूठभर खसखससुद्धा माणसाला अडकवू शकते.

पासपोर्ट गाडीत बाहेर काढायचाच नाही. टीसीला आधार दाखवा. पासपोर्ट अंगावरच्या पिशवीत, झोपतानाही.

उमराहला जाणाऱ्या पुरुषांनी इहरामची कापडं मोठ्या बॅगेत टाकू नयेत. ती बॅग काउंटरवर गेली की जिद्दापर्यंत दिसत नाही, आणि मीकात तर त्याआधी विमानातच येते. हातातल्या बॅगेत ठेवा. गाडीत वजूसाठी पाण्याची एक बाटली वेगळी असू द्या, डब्यातल्या नळाचा भरवसा नाही. व्हीलचेअर हवी असेल तर विमान कंपनीला तिकीट काढतानाच कळवा, टर्मिनलच्या दारात मागितली तर ताटकळावं लागतं.

सोडायला कोण जाणार

हा नाजूक विषय आहे, तरी बोलतो. आपल्याकडे एक माणूस परदेशी निघाला की नऊ जण सोडायला निघतात. टर्मिनलच्या आत तिकीट असलेल्यांनाच सोडतात. बाकीचे बाहेर रस्त्यावर रात्री दोनला उभे राहतात, लहान मुलं रडतात, टॅक्सी दोन कराव्या लागतात आणि त्या गडबडीत कुणाच्या तरी हातात राहिलेली बॅग बाहेरच राहते. गळाभेट, दुआ, हार, जे काय असेल ते गावच्या स्टेशनावर करा. तिथे सगळ्यांना जागा आहे आणि गाडी उशिरा आली तर गप्पाही होतात. मुंबईपर्यंत एकच माणूस सोबत पाठवा, ज्याला उशिरापर्यंत जागता येतं आणि ओझं उचलता येतं. आतल्या माणसाचं इमिग्रेशन झाल्याचा फोन येईपर्यंत त्याने विमानतळाजवळच थांबायचं. आणि त्याच्या परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा. नंतर तो बिचारा जनरल डब्यात उभा राहून येतो.